भागूबाईचा राहून गेलेला पेला

औरंगाबादच्या छावणीमागे ख्रिस्ती लोकांची एक लहान वस्ती होती आणि त्या वस्तीत आवडाबाई राहत असे. आज त्या शहराला छत्रपती संभाजीनगर म्हणतात. पण ही हकीगत निजामाच्या राज्यावर पोलीस ॲक्शन होऊन सात-आठ वर्षे झाली होती, त्या काळातली आहे. आवडाबाईचा नवरा बन्सी गवंडीकाम करी. तो अकाली वारला. मूलबाळ नव्हते. तेव्हा चर्चच्या मंडळीच्या पाळकसाहेबांनी तिला बायबलबाईचे काम दिले. गावोगाव जाऊन बायकांना येशूची गोष्ट सांगायची, असे ते काम होते.

नाव बायबलबाई, पण आवडाबाईला बायबल वाचता येत नव्हते. तिला जे येत होते ते सारे मंडळीतल्या सांडू मास्तरांनी तोंडी शिकवलेले होते. मास्तर म्हातारे होते आणि कडक होते. ते एक ओळ म्हणत, तीच ओळ आवडाबाई म्हणे. एक शब्द इकडचा तिकडे झाला की मास्तर काठी जमिनीवर आपटत आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावत. तिचा स्वतःचा बाप्तिस्मासुद्धा या पाठांतरापायी लांबणीवर पडला होता. तिला त्याचा राग नव्हता. ज्याला लिहिता येते त्याचे विसरलेले कागदावर सापडते. ज्याला लिहिता येत नाही त्याचे विसरले म्हणजे कायमचे गेले. म्हणून वाऱ्यातून दिवा पदराआड धरून न्यावा, तसे ती ते शब्द जपून नेत असे.

मास्तरांनी तिला आणखी एक गोष्ट शिकवली होती. नुसता ऐकतो तो शिष्य नव्हे. ऐकलेले जो दुसऱ्याच्या दारापर्यंत पोचवतो तो शिष्य. आवडाबाईने हे मनाला लावून घेतले होते. दर मंगळवारी ती पैठणच्या मोटारीत बसे आणि चितेगावला उतरे. आता तिथे कारखाने आहेत. तेव्हा ज्वारी होती, तूर होती आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लिंबाची झाडे होती.

गावातल्या बायका काम टाकून गोष्ट ऐकायला बसत नसत, आणि आवडाबाईचीही तशी अपेक्षा नव्हती. कोणी शेंगा फोडत असेल तर ती शेंगा फोडू लागे. कोणी वाकळ शिवत असेल तर ती दोरा ओवून देई. हात कामात आणि तोंड गोष्टीत, अशी तिची पद्धत होती. बायका तिला येशूवाली म्हणत. काही जणी हसत, काही जणी ऐकत आणि दुसऱ्या मंगळवारपर्यंत विसरून जात.

गावाच्या कडेला भागूबाईचे घर होते. भागूबाई मराठ्याच्या घरातली, वयाने आवडाबाईहून मोठी, विधवा. मुलगा बद्रीनाथ शेती पाही आणि सून लक्ष्मीबाई घर पाही. भागूबाईची जीभ तिखट होती. पहिल्यांदा आवडाबाई तिच्या अंगणात आली तेव्हा उन्हाळा होता. तिने पाणी मागितले. भागूबाई तांब्या घेऊन आली, पण आधी तिने विचारले,

"कोणाची गं तू?"

"ख्रिस्ती हाय मी."

"ते झालं आताचं. त्याच्या आधी?"

आवडाबाईने खरे ते सांगितले. तिचा जन्म मांगवाड्यातला होता. भागूबाईने मान हलवली, दोन पावले मागे सरली आणि तांब्या उंच धरून तिच्या ओंजळीत पाण्याची धार सोडली. धारेचे पाणी ओंजळीत कमी पडले आणि लुगड्यावर जास्त सांडले. आवडाबाईला याची लहानपणापासून सवय होती. ती प्याली, तोंड पुसले आणि तिथेच अंगणात उकिडवी बसून तिने गोष्ट सांगितली. येशू थकून एका विहिरीवर बसला होता. दुसऱ्या जातीची एक बाई पाणी भरायला आली. येशूच्या लोकांनी तिच्या भांड्याला शिवू नये, असा तिथला रिवाज होता. तरी त्याने तिच्याकडे पाणी मागितले.

भागूबाईने तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, "तुझा देव लई भोळा दिसतो. पाणी मागायच्या आधी जात इचारायची असते."

"त्याला ठावं व्हती तिची जात."

"ठावं असून मागितलं?"

"व्हय."

भागूबाई तांब्या उचलून आत गेली. पुढच्या मंगळवारी तिने तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावली. त्याच्या पुढच्या मंगळवारीही. असे बरेच आठवडे गेले. एक दिवस आवडाबाईने सवयीने ओंजळ पुढे केली, तर भागूबाईने तांब्या तिच्या हातात दिला. लक्ष्मीबाई दारात उभी होती. तिने ते पाहिले आणि आत जाऊन भांड्यांचा जरा मोठा आवाज केला. भागूबाई आवडाबाईला म्हणाली, "पी. ती भांडी आदळंल, पण फोडणार नाय. तिच्या बापानं दिलेली हायेत."

त्या दिवसापासून दोघी बहिणींसारख्या झाल्या. आवडाबाई तिला आक्का म्हणू लागली. दुपारी पडवीत जात्यावर तूर भरडायची असे, तेव्हा दोघी समोरासमोर बसत आणि एकाच खुंट्याला हात लावून जाते ओढत. भागूबाईला ओव्या फार येत. पण गोष्ट ऐकताना ती गप्प राही आणि संपल्यावर असे काही विचारी की आवडाबाईला आठवडाभर विचार पडे.

पुढे एका रविवारी भागूबाई मोटारीने औरंगाबादला आली आणि आवडाबाईबरोबर चर्चमध्ये सतरंजीवर बसली. त्या दिवशी प्रभुभोजन होते. पाळकसाहेबांनी भाकर मोडली आणि पेला रांगेतून फिरू लागला. रांगेत धोबीण होती, मास्तरीण होती, झाडूवाली होती, कोर्टातल्या कारकुनाची बायको होती. सगळ्यांनी एकाच पेल्याला ओठ लावले. भागूबाईपर्यंत पेला आला तेव्हा मंडळीचा पंच रामकिसन याने तो तिच्यावरून पुढे नेला, कारण तिचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. नियम तसाच होता.

परत जाताना भागूबाई आवडाबाईबरोबर मोटारीच्या अड्ड्यावर आली. मोटार आली तेव्हा म्हणाली, "आवडे, मी तुला वरून पाणी वाढलं व्हतं. मला आता तुझ्या शेजारी बसून त्या पेल्यातलं प्यायचंय. त्याला काय करावं लागतं?"

काय करावे लागते ते आवडाबाईने सांगितले. बाप्तिस्मा घ्यावा लागतो. त्याच्या आधी प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा आणि विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो त्याची कबुली, पाठ म्हणून दाखवावी लागते. आणि घरी सांगावे लागते.

घरी सांगितल्यावर जे व्हायचे ते झाले. बद्रीनाथ ओरडला नाही, पण तो जेवला नाही. तो म्हणाला की आईने मनात कोणालाही भजावे, पण तिकडचे पाणी डोक्यावर घेतले तर आपल्या मुलींना सोयऱ्यांत कोण करून घेईल. भागूबाईने ऐकून घेतले. मग ती म्हणाली की तिची वेगळी चूल गोठ्याशेजारी मांडून द्यावी, म्हणजे मुलींना बोल लागणार नाही. बद्रीनाथने नाइलाजाने तशी चूल मांडून दिली. उतारवयात आपल्याच घरात ती वेगळी राहू लागली, ती केवळ त्या पेल्यासाठी. आवडाबाईला हे सारे ठाऊक होते, हे इथे लक्षात ठेवले पाहिजे.

शिकवणी सुरू झाली. आवडाबाईने सांडू मास्तरांसारखीच शिकवणी घेतली. एक ओळ ती म्हणे, ती ओळ भागूबाईने म्हणायची. पण भागूबाईच्या तोंडात ते शब्द टिकत नसत. पुस्तकी बोली तिच्या जिभेला नवी होती. ती दोन ओळी नीट म्हणे. तिसऱ्या ओळीला तिचा आवाज आपोआप हेलकावा घेई आणि प्रार्थनेचा अर्थ ओवीच्या चालीत शिरून तिच्याच शब्दांत बाहेर पडे. आवडाबाई तिला थांबवी. पुन्हा पहिल्यापासून.

"आक्का, शब्द नका बदलू."

"अगं, मानूस तर तोच हाय ना त्याच्यात?"

"मानूस तोच. पण शब्द त्याचे त्यालाच द्यायचे. आपले घालायचे नाय."

"बरं बाई. सांग पुन्हा," भागूबाई म्हणे आणि पुन्हा चुके.

पुनरुत्थानाच्या सणाच्या, म्हणजे ईस्टरच्या, आदल्या दिवशी चर्चच्या व्हरांड्यात पाळकसाहेब आणि पंच बसले. बाप्तिस्मा घेणाऱ्यांना एकेक करून बोलावले. भागूबाई नवे लुगडे नेसून आली होती. ती हात जोडून उभी राहिली आणि तिने प्रार्थना सुरू केली. सुरुवात बरोबर झाली. मग तिची नजर खाली गेली, अंग किंचित मागेपुढे झुलू लागले आणि समोर जाते असावे तशी ती गाऊ लागली. ती काय गात होती ते आवडाबाईच्या कानांत शिरलेच नाही. तिला फक्त रामकिसन पंचाच्या ओठांवरचे हसू दिसले. आपले शिकवणे सगळ्यांसमोर उघडे पडले, एवढेच तिला कळले आणि तिचे कान तापले.

पाळकसाहेब हसले नाहीत. ते भले गृहस्थ होते. ते म्हणाले, "आवडाबाई, ही तुमची शिष्या आहे. वर्षभर तुम्ही तिच्याबरोबर बसलात, आम्ही नाही. तुम्हीच सांगा. तयार आहे म्हणालात तर उद्या मी तिला बाप्तिस्मा देईन."

आवडाबाईला सांडू मास्तरांची काठी आठवली. शब्द सांडले तर काय उरते, असे तिला वाटले. आपल्यालाही थांबावे लागले होते आणि थांबल्याने आपले नुकसान झाले नाही, असेही तिला वाटले. ती म्हणाली,

"साहेब, अजून कच्ची हाय."

भागूबाईने तिच्याकडे पाहिले. राग नव्हता त्या पाहण्यात. व्हरांड्याच्या पायऱ्या उतरताना तिने आवडाबाईच्या खांद्याचा आधार घेतला आणि म्हणाली, "पेरल्या दिवशी कुठं कणीस लागतंय व्हय? फुडच्या सणाला बघू." दुसऱ्या दिवशी ती आवडाबाईच्या शेजारीच बसली. पेला आला आणि तिच्यावरून पुढे गेला.

त्यानंतर आवडाबाईने अधिक नेटाने शिकवले. पण भादव्यात पाऊस लागून राहिला आणि एका मंगळवारी पैठण रस्त्यावरच्या नाल्याच्या फरशी-पुलावरून पाणी वाहू लागले. मोटार अर्ध्या वाटेवरून मागे फिरली. आवडाबाई घरी परत आली आणि पुढच्या आठवड्यात दुप्पट शिकवू, असे मनाशी म्हणाली. बुधवारी पाणी ओसरले. मोटारवाल्याने वस्तीवर निरोप आणला की चितेगावची म्हातारी तापाने गेली.

आवडाबाई पोचली तेव्हा अंगणात माणसे जमली होती. भागूबाईला आंघोळ घातलेली होती. बद्रीनाथने पैठणहून आणून ठेवलेले गोदागंगेचे पाणी तिच्या तोंडात घातले होते. आवडाबाईला पाहून बायका बाजूला झाल्या, पण वाट द्यायला नव्हे, अंग चोरून. बद्रीनाथ तिच्याजवळ आला. त्याचे डोळे सुजले होते.

"मावशी, तुम्ही लांबच थांबा," तो म्हणाला. "मला माझ्या आईला नीट पोचवू द्या."

त्याच्यावर रागावण्यासारखे काही नव्हते. तो मुलगा होता आणि त्याच्या रीतीने मुलाचे काम करत होता. आवडाबाई लिंबाखाली उभी राहिली. तिरडी गेली तेव्हा ती मागून चालली, पण शिवेपर्यंतच. तिला धूर दिसला. प्रभूची प्रार्थना तिने मनात म्हणायला घेतली आणि, आयुष्यात पहिल्यांदा, तिला पुढची ओळ आठवली नाही.

औरंगाबादला येऊन ती पाळकसाहेबांकडे गेली. तिने विचारले की ज्याचा बाप्तिस्मा राहिला त्याचे काय होते. पाळकसाहेबांनी सावकाश सांगितले की देव माणसाचे अंतःकरण पाहतो, तो दयाळू आहे, आपण त्याच्यावर सोपवावे. तिने मान हलवली. पण उठली नाही.

"साहेब, देवाचं मला ठावं हाय. त्याला कोणी इचारलं नव्हतं. मला इचारलं व्हतं."

पाळकसाहेब तिच्याबरोबर दारापर्यंत आले आणि ती रस्त्याला लागेपर्यंत तिथेच उभे राहिले.

आवडाबाईचे चितेगावला जाणे बंद झाले. मंगळवार आला की ती पिशवी घेई, अड्ड्यापर्यंत जाई आणि पैठणची मोटार सुटताना पाही. दुसऱ्या गावांना ती जाई, गोष्टी सांगे. पण विहिरीची गोष्ट तिने कुठेच सांगितली नाही. कोणी दहा आज्ञा शिकव म्हटले तर ती दुसऱ्या बाईकडे पाठवी.

हिवाळा सरत आला, तुरी निघाल्या. तेव्हा एका मंगळवारी ती मोटारीत चढली. का चढली ते तिलाही सांगता आले नसते. भागूबाईच्या अंगणात आली तर पडवीत लक्ष्मीबाई एकटीच जाते ओढत होती. गोठ्याशेजारची चूल मोडून टाकलेली होती. लक्ष्मीबाईने वर पाहिले. मग जात्याच्या दुसऱ्या बाजूला पडलेला भरडा हाताने झाडून जागा केली.

"बसा मावशी. एका हातानं डाळ सारखी फुटत नाय."

आवडाबाई बसली. दोघींचे हात खुंट्यावर आले. जाते फिरू लागले. थोड्या वेळाने लक्ष्मीबाई खाली पाहतच सांगू लागली. तापात सासू सारखी विचारी की मंगळवार कधी आहे. मंगळवार उजाडला तेव्हा तिला दाराकडे तोंड करून निजवले. संध्याकाळपर्यंत ती दाराकडे पाहत होती. मग म्हणाली की पाऊस लई हाय, ती येणार नाय, तिला बोल लावू नका.

आवडाबाईचा हात खुंट्यावर होता, पण आता ओढत नव्हता. लक्ष्मीबाई एकटीच ओढत राहिली.

"त्यांची एक ओवी हाय," ती म्हणाली. "रोज पहाटं गोठ्याकडून ऐकू यायची. मला तुमच्या देवाचं काय कळत नाय, मावशी. पण आता ती ऐकू येत नाय तर दळण सरत नाय. म्हणून मीच म्हणते."

आणि ती हलक्या आवाजात म्हणू लागली:

पहिली माझी ओवी गं, आभाळातल्या बापाला,
सावली घालितो, माझ्या उन्हाच्या तापाला.

दुसरी माझी ओवी गं, येसू माझा मेंढपाळ,
मागं राहिली पांगळी, तिचा करितो सांभाळ.

तिसरी माझी ओवी गं, आवडाबाई गुरुमाय,
तिचं शिकवणं उरात, माझ्या व्हटावर नाय.

जाते थांबले. आवडाबाईने ही चाल ओळखली. चर्चच्या व्हरांड्यात, नव्या लुगड्यात उभी राहून, अंग झुलवत भागूबाईने गायली ती हीच चाल होती. त्या दिवशी तिने पंचाचे हसू पाहिले आणि समोरची बाई काय म्हणते आहे ते ऐकले नाही. दुसऱ्यांनी ऐकावे म्हणून ती एवढी वर्षे दारोदार फिरली होती.

ती रडली नाही. तिने ओवी पुन्हा म्हणायला लावली आणि लक्ष्मीबाई म्हणेल तशी एक एक ओळ तिच्या मागे म्हटली, मास्तरांच्या मागे म्हणत असे तशी. तिसऱ्या ओवीचा शेवट मात्र तिच्या तोंडून निघेना. लक्ष्मीबाईने तिची वाट पाहिली. मग म्हणाली, "राहू द्या मावशी. आज तेवढीच." आणि तिने उठून तांब्या आणला आणि आवडाबाईच्या हातात दिला. तिला येशूचे काही ऐकायचे नव्हते आणि पुढेही तिने कधी ऐकायची इच्छा दाखवली नाही. पण तांब्या तिने हातातच दिला.

त्या वर्षीच्या सणाला आवडाबाई चर्चमध्ये नेहमीच्या सतरंजीवर बसली. पेला रांगेतून येत येत तिच्यापर्यंत पोचला. रामकिसन पंचाने तो तिच्या ओठांपुढे धरला. तिने दोन्ही हातांनी पेल्याला आधार दिला, आत पाहिले आणि त्यातले न पिता तो शेजारणीकडे सरकवला. रामकिसन गोंधळून पाळकसाहेबांकडे पाहू लागला. त्यांनी खुणेने त्याला पुढे जायला सांगितले.

उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांनी तिला काळजीने विचारले. आवडाबाई म्हणाली, "गेल्या सणाला तो माझ्यामुळं तिच्यावरून गेला, साहेब. यंदा माझ्यावरून जाऊ द्या. तिच्या बरोबरीनं बसले."

पुढच्या महिन्यापासून ती पुन्हा पेला घेऊ लागली, कारण घेऊ नये असे तिचे म्हणणे नव्हते. मंगळवारी चितेगावलाही जाऊ लागली. विहिरीची गोष्ट ती पुन्हा सांगू लागली. नवी बाई शिकायला आली की ती तिला आधी जात्यावर बसवी आणि म्हणे, "तुला त्याच्याबद्दल काय वाटतं, ते तुझ्या बोलीत गा. मी ऐकते." आणि मग खरोखरच, हात न थांबवता, शेवटपर्यंत ऐके. अशा कितीतरी जणींसाठी ती पुढे पाळकसाहेबांसमोर "तयार हाय" म्हणाली.

पण भागूबाईसाठी म्हणायचे ते राहून गेले होते, आणि ते कितीही जणींसाठी म्हटले तरी भरून निघाले नाही. प्रभुभोजनाच्या दिवशी ती सतरंजीवर शेजारी एका माणसाची जागा मोकळी सोडून बसे. नवख्या बायकांना वाटे की म्हातारीला ऐसपैस बसायची सवय आहे. जुन्या बायका तिथे कोणाला बसू देत नसत.